चूल तीच, पण तिचा शेजार बदललाय

वाचकाचं पत्र

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. घर जुनं, मातीच्या भिंतींचं, कौलारू. घरात मी, नवरा, कॉलेजला जाणारा मुलगा, आठवीतली मुलगी आणि आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत रात्री एका परड्यातली, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेतली, पिंजराची (वाळलेल्या पेंढ्याची) गंजी पेटली. गोठा गेला, एक म्हैस होरपळली, माणसं तेवढी वाचली. आग कशानं लागली ते अजून कुणाला कळलेलं नाही. तेव्हापासून मला नीट झोप नाही. आमच्या न्हाणीतली चूल दिवसभर धुमसत असते, आत्ती गोठ्यात डासांसाठी धूर करतात, देवापुढं समई रात्रभर असते. मुलानं इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आहे, ती सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, लावून रात्रभर चार्जिंगला ठेवतो. काही बोलले की आत्ती म्हणतात, "पन्नास वर्षं ही चूल मी सांभाळली, तू मला शिकवू नको." नवरा म्हणतो, इतकी वर्षं काही झालं नाही. मीच भित्री ठरले आहे. सुरुवात कुठून करू? आणि भिंतीला लावतात तो आग विझवायचा लाल सिलिंडर घ्यावा का?

उत्तर

ताई,

शेजारची गंजी पेटलेली डोळ्यांनी पाहिल्यावर झोप उडाली, यात भित्रेपणा कसला? घरात एक तरी माणूस जागं झालंय याचा मला आनंदच आहे. तुम्ही विचारलंय सुरुवात कुठून करू, पण पत्र वाचताना मला जाणवलं की अडचण आगीची कमी आणि घरातल्या माणसांना न दुखावता हे सगळं करायचं कसं याची जास्त आहे. म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

आत्ती म्हणतात त्यात खोटं काही नाही. कुठलं लाकूड तडतडून ठिणग्या उडवतं, कुठलं नुसतंच धुमसतं, रात्री इंगळ (निखारे) राखेत पुरून सकाळी त्याच विस्तवावर चूल कशी पेटवायची, हे त्यांनी आयुष्यभर हातानं केलं आहे. तुमच्या यजमानांचं म्हणणंही खरं. आजवर काही झालं नाही. पण एखाद्या निवांत दुपारी दोघांनाही विचारा, पन्नास वर्षांपूर्वी या चुलीच्या आसपास काय काय होतं? मातीची भिंत, शेणानं सारवलेली जमीन, तांब्याचा हंडा, पितळेची कळशी, अंगावर सुती लुगडं. आता त्याच न्हाणीत नजर फिरवा. प्लॅस्टिकच्या बादल्या, प्लॅस्टिकचा ड्रम, नायलॉनच्या दोरीवर वाळत टाकलेली पॉलिस्टरची साडी. सोप्यात फोमची गादी, माळ्यावर गणपतीचं थर्माकोलचं मखर, परड्यात गंजीवर निळी ताडपत्री. सुती कापड पेटलं तर त्याची राख होते. सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं आणि ओढलं तरी निघत नाही. फोम आणि प्लॅस्टिक पेटलं तर काही मिनिटांत खोली काळ्या विषारी धुरानं भरते आणि ज्वाळा पोचण्याआधी तो धूरच झोपलेल्या माणसाला गाठतो.

चूल तीच आहे, समईही तीच आहे. त्यांचा शेजार बदललाय. म्हणून आत्तींना चूल बंद करा असं सांगायला जाऊच नका. विस्तवावर हात घातलात की वाद होणार. त्याच्या शेजारचं जळण मात्र हलवा, त्याला कुणी आडवं येणार नाही. त्याला एकच गोष्ट जोडा, जिथं विस्तव जागा असेल तिथं माणूसही जागं असलं पाहिजे.

आणि हे काम आत्तींच्याच हाती द्या. रात्री झोपण्याआधी घरभर एक फेरी मारायची, आधी गोठा, मग न्हाणी, स्वयंपाकघर, देवघर आणि शेवटी सोपा. कुठं धूर आहे का, कुठं वास येतोय का, काय पेटतं राहिलंय हे त्यांनी बघायचं. बॅटरी घेऊन नातीनं बरोबर जायचं. सुनेनं शिकवलेलं त्यांना पटणार नाही आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही. पण या घराचा विस्तव तुमच्याइतका कुणाला कळत नाही, तेव्हा शेवटची नजर तुमचीच हवी, असं तुम्ही मनापासून म्हणालात तर त्या नाही म्हणतील असं मला वाटत नाही. शिवाय आठवीतली मुलगी त्यांच्याकडून जे शिकेल ते तिला पुस्तकातून मिळणार नाही.

आता प्रत्यक्ष कामाचं. सुरुवात परड्यातून करा. मळण्या उरकून गंज्या नुकत्याच उभ्या राहिल्या आहेत. इथून शिमग्यापर्यंत त्या दिवसेंदिवस वाळत जाणार आणि पुढं वाराही वाढणार. गंजी घरापासून आणि गोठ्यापासून पन्नास-साठ फूट लांब असावी. पण गल्लीतल्या परड्यात एवढी जागा नसते हे मला ठाऊक आहे. मग निदान एका मोठ्या गंजीच्या दोन लहान करा आणि मध्ये मोकळी जागा ठेवा. गंजी भिंतीला टेकवून रचू नका. विजेच्या तारेखाली तर मुळीच नको. वाऱ्यात सैल तारा एकमेकींना घासल्या की ठिणग्या पडतात आणि खाली वाळलेलं पिंजर असेल तर बघायलाच नको. घरावरून किंवा परड्यावरून लोंबती तार गेली असेल तर हेस्कॉमच्या, म्हणजे तुमच्याकडच्या वीज कंपनीच्या, १९१२ या नंबरवर तक्रार करा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या आणि काम होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. शेतात किंवा खळ्यावर जागा असेल तर मोठी गंजी तिकडेच ठेवा, घरी आठवड्याला पुरेल एवढंच आणा. रोज वाहून आणायचा त्रास आहे, पण तुमच्या गल्लीत जे झालं त्यानंतर तो त्रास यजमानांनाही पटेल.

गंजीबद्दल एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बाहेरची ठिणगी नसतानाही गंजी पेटू शकते. वैरण दमट असताना रचली, किंवा रचल्यावर पाऊस आत मुरला आणि वरून ताडपत्री घट्ट आवळली, तर आत कुजण्याची उष्णता साठत जाते. हिरवट गवताला हा धोका जास्त, पण ओलसर पिंजरालाही आहे. रचल्यानंतरचे पहिले पाच-सहा आठवडे जपायचे. गंजीतून आंबूस, करपट वास येऊ लागला, वरून वाफ दिसू लागली किंवा मधला भाग खचला, तर लांब लोखंडी सळी आत खुपसा, पंधरा-वीस मिनिटांनी ओढून हात लावून बघा. सळी हातात धरवत नसेल तर आत धग आहे. अशी गंजी एकट्यानं उपसायला जाऊ नका, आत वारा शिरला की भडका उडतो. आधी बंबाला फोन करा, पाणी हाताशी घ्या, चार माणसं जमवा. शेजारची आग अशीच लागली असं मी म्हणत नाही, ते इथं बसून कुणालाच सांगता येणार नाही. कारण कळलं नाही म्हणून कुणावर संशय धरण्याआधी हीही एक शक्यता असते, एवढंच.

गोठ्यातला धूर बंद करायला सांगू नका, डासांनी जनावरांचे हाल होतात. फक्त तो जमिनीवर उघडा नको. लोखंडी घमेल्यात चार बोटं राख किंवा वाळू घाला, त्यावर शेणीचा तुकडा आणि कडुलिंबाचा पाला. घमेलं गोठ्याच्या आत न ठेवता दाराबाहेर, वाऱ्याच्या बाजूला ठेवा, धूर आपोआप आत जातो. धारा काढून होईपर्यंत धूर चालू द्या, दुधाची किटली उचलली की घमेल्यात तांब्याभर पाणी ओता. गोठ्याच्या माळ्यावर वैरण भरली असेल तर ती खाली आणा, निदान धुराच्या आणि दिव्याच्या डोक्यावरची तरी. तिथला पिवळा बल्ब काढून एलईडी लावा. जुना बल्ब इतका तापतो की त्याला चिकटलेली जळमटं आणि भुसकट पेट घेतात. आणि गोठ्याच्या दाराशी, आतून नव्हे बाहेरून, एक धारेचा कोयता कायम टांगलेला असू द्या. आगीत बिथरलेल्या जनावराच्या दाव्याची गाठ सुटत नाही. दावं कापावं लागतं आणि त्या वेळी कोयता शोधत बसायला कुणाकडं वेळ नसतो.

परड्याला लागून ऊस असेल तर फडाच्या मालकाशी तोडीच्या आधी बोलून ठेवा. पाचट पेटवायचंच असेल तर आधी कळवावं, भर दुपारच्या वाऱ्यात पेटवू नये आणि तुमच्या कुंपणाकडचा पट्टा आधी साफ करावा. शेजारधर्मानं सांगितलेलं लोक ऐकतात.

न्हाणीची चूल. इथं बघायच्या गोष्टी दोनच, जळण आणि राख. चुलीपाशी एका वेळच्या अंघोळीला पुरेल एवढंच जळण ठेवा, बाकीचा ढीग निदान तीन हात लांब. ओंडका लांब असेल तर तोडून घाला. चुलीबाहेर आलेलं टोक जळत जळत शेवटी बाहेरच पडतं आणि पुढं शेणींचा ढीग असतो. पावसाळ्यात जळण ओलं असतं म्हणून रॉकेल किंवा पेट्रोल ओतायची सवय कुणाला असेल तर ती आजच मोडा. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही, जमिनीलगत पसरते आणि चार हातांवरच्या विस्तवापर्यंत जाऊन आग घेऊन परत येते. मोटारसायकलसाठी म्हणून घरात भरून ठेवलेली पेट्रोलची बाटलीही नको.

राखेकडं मात्र कुणाचं लक्ष नसतं आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. वरून थंड दिसणाऱ्या राखेत इंगळ एक-एक दिवस जिवंत राहतो. ती सकाळी उकिरड्यावर टाकायची, उकिरडा गंजीजवळ, आणि दुपारी वारा सुटतो. राख पत्र्याच्या डब्यात काढा, पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा पाणी ओता. डब्याला हात लावून तो गार लागला की मगच बाहेर टाका. आत्तींना हे पटवावं लागणार नाही. राखेत विस्तव किती टिकतो हे त्यांना माहीतच आहे, त्याच ज्ञानावर त्यांनी वर्षानुवर्षं सकाळची चूल पेटवली.

देवापुढच्या समईचं बोलणं नाजूक आहे. तिथं श्रद्धा आहे आणि तिला धक्का लावायचं कारणच नाही. समई पितळेच्या परातीत ठेवा, परातीत थोडं पाणी किंवा वाळू घाला. समई कलंडली, वात खाली पडली, तरी तिथंच विझेल. वरचा पडदा, सुकलेले हार, कापसाची वस्त्रं, उदबत्तीची पुडकी बाजूला घ्या. कौलारू घरात उंदीर असतातच, आणि तेलाची वात ते ओढून नेतात. रात्रभर दिवा हवाच असेल तर मोठी समई शांत करून काचेच्या चिमणीतला लहान नंदादीप त्याच परातीत ठेवा. नवरात्रात अखंड दिवा असेल तेव्हा त्या खोलीत कुणीतरी झोपा. इन्व्हर्टरची बॅटरी देवघरात किंवा त्याच्या शेजारी असेल तर ती हलवा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तिला खेळती हवा लागते आणि जवळ ज्योत चालत नाही.

आता गॅस. तुम्ही त्याचा उल्लेखही केला नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. सिलिंडर उभाच हवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. नारिंगी सुरक्षा नळीवर छापलेलं साल बघा, पाच वर्षं झाली की ती बदलायचीच, दिसायला चांगली असली तरी. नळीला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती बघणं म्हणजे आगीला बोलावणं. सिलिंडर घेताना वरच्या कड्याखालच्या पट्टीवर आतून लिहिलेलं अक्षर आणि साल वाचा. ए म्हणजे मार्च, बी म्हणजे जून, सी म्हणजे सप्टेंबर, डी म्हणजे डिसेंबर अखेर. 'बी २८' म्हणजे त्या टाकीची पुढची तपासणी जून २०२८ पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी परत करा, तो तुमचा हक्क आहे.

गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीवर साठतो. रात्री वास आला तर दिवा लावू नका, लागलेला असेल तर बंदही करू नका. बटण दाबताना आत उडणारी बारीक ठिणगी पुरेशी असते. रेग्युलेटर बंद करून काढा, टाकीला टोपी लावा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना अंगणात काढा आणि फोन बाहेरूनच करा. गॅस गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. एक कागदपत्राचं कामही करून टाका. सीमाभागात बऱ्याच घरांत कनेक्शन महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या माहेरच्या पत्त्यावर आणि टाकी इकडच्या स्वयंपाकघरात, असं असतं. गॅस कंपन्यांचा ग्राहकांसाठी अपघात विमा असतो, त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागत नाही. पण घराच्या नुकसानीची भरपाई नोंदवलेल्या पत्त्यावरच मिळते. पत्ता बदलून घ्या.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी टाकायचं नाही, हे मुलीला तोंडपाठ करून द्या. पाण्याची जागच्या जागी वाफ होते, ती पाण्याच्या शेकडो पट जागा घेते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करायचा, वर ताट सरकवायचं आणि कढई गार होईपर्यंत ते उचलायचं नाही. कढई उचलून बाहेर पळायचं नाही. तुमचा पदर खोचलेला असू द्या आणि चुलीपाशी सुती साडी नेसा.

विजेचं काम यजमानांकडं सोपवा. लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग असेल, वाशांवरून गेलेल्या वायरी उंदरांनी कुरतडल्या असतील, फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणी त्यात जाड तार घातली असेल, तर ते घर दर रात्री नशिबावर झोपतंय. फ्यूज उडतो तो घर वाचवण्यासाठीच. परवानाधारक वायरमन बोलवा. एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारं बटण) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की ती तोडणारं बटण) बसवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या. यंदा खर्च एकाच गोष्टीवर करता येणार असेल तर तो यावर करा. बटण कोमट लागणं, प्लगच्या पिना काळ्या पडणं, दिवा फडफडणं, करपल्याचा वास येणं, यातलं काही दिसलं तर वायरमन येईपर्यंत तो बोर्ड वापरू नका. साधा एक्स्टेन्शन बोर्ड ६ अँपिअरचा असतो, म्हणजे तो जेमतेम १,४०० वॅट पेलतो. इंडक्शन शेगडी एकटी २,००० वॅट घेते. पाणी तापवायची सळी प्लॅस्टिकच्या बादलीत लावून कुणी शेतावर निघून गेलं तर पाणी आटतं, बादली वितळते आणि पुढं काय होईल ते सांगायला नको. मोबाइल उशीखाली चार्जिंगला लावू नये, हे मुलांना तुम्ही सांगितलं असेलच.

मुलाच्या स्कूटरबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण इथं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. इलेक्ट्रिक गाडी वाईट नाही. तिला सोप्यात रात्रभर चार्ज करणं वाईट आहे. लिथियमची बॅटरी क्वचितच बिघडते, पण बिघडली तर आतल्या आत तापत जाते आणि एकदा पेटली की लवकर विझत नाही. धूर विषारी असतो. तुमच्या घराचा पुढचा दरवाजा सोप्यात आहे. म्हणजे पाच माणसं आत झोपलेली आणि बाहेर पडायची वाट आगीनं अडवलेली. गाडी अंगणात, दारापासून लांब, पत्र्याच्या उघड्या आडोशाखाली लावा. तिथं अर्थिंगसह १६ अँपिअरचा पक्का सॉकेट बसवा, एक्स्टेन्शन नको. चार्जर कंपनीनं दिलेलाच वापरा. गावावरून आल्या आल्या गाडी चार्जिंगला लावू नये, बॅटरी थंड व्हायला तासभर द्यावा. घरातली माणसं जागी असताना चार्जिंग करावं, झोपताना पिन काढावी. बॅटरी आदळली, फुगली किंवा पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर दुकानात दाखवल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. मुलाला रागावून सांगण्यापेक्षा गाडी सोप्यात उभी करून त्यालाच विचारा, हिला आग लागली तर आजी कुठून बाहेर पडणार? उत्तर तोच देईल.

त्यावरून मागच्या दाराचं आठवलं. परड्याकडच्या दाराला बहुतेक घरांत जळण, पोती, जुनी सायकल टेकवलेली असते. ते आज मोकळं करा. रात्री कुलूप लावत असाल तर किल्ली दाराशेजारीच खिळ्याला असू द्या आणि घरातल्या प्रत्येकाला, आत्तींनाही, ती अंधारात सापडली पाहिजे. बाहेर पडल्यावर सगळ्यांनी जमायची जागा ठरवून ठेवा, म्हणजे कोण आत राहिलं ते लगेच कळेल. एकदा बाहेर पडलेलं माणूस दागिन्यांसाठी किंवा कागदपत्रांसाठी परत आत जाणार नाही, हे आधीच बोलून ठेवा. खोलीत धूर भरला तर ओणवं होऊन, जमिनीलगत सरकत बाहेर यायचं, कारण बरी हवा खालीच असते.

फोन ११२ किंवा १०१ वर करायचा. आपल्या सीमेवर मोबाइल कधी पलीकडचा टॉवर पकडतो, म्हणून पहिल्या वाक्यातच कर्नाटक, जिल्हा बेळगाव, तालुका खानापूर आणि मग गावाचं नाव सांगायचं. पलीकडून कन्नडमध्ये विचारलं तर घाबरायचं नाही. "नम्म मनेगे बेंकी बिद्दिदे", आमच्या घराला आग लागली आहे, एवढं वाक्य मुलांकडून पाठ करून घ्या. गावाचं नाव, गल्ली, जवळचं देऊळ आणि हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून सोप्यातल्या भिंतीला लावा. आणि गल्लीतल्या चार घरांशी बोला. रात्री वाटेत ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असेल तर बंब आत येणार नाही. परवाच्या आगीनंतर हे बोलायला कुणाला संकोच वाटू नये.

अंगावरचं कापड पेटलं तर पळायचं नाही, तिथंच जमिनीवर पडून लोळायचं, दुसऱ्यानं वर घोंगडं किंवा जाड सुती चादर टाकायची. भाजलेल्या जागेवर वाहतं साधं पाणी वीस मिनिटं सोडायचं, बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढायच्या, वर स्वच्छ सुती कापड घालून दवाखाना गाठायचा. कातडीला चिकटलेलं कापड ओढायचं नाही. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बर्फ, काही लावायचं नाही. रुग्णवाहिकेचा नंबर १०८.

राहिला लाल सिलिंडर. घ्या, पण वायरिंग आणि गॅसची नळी झाल्यावर. तोपर्यंत गोठ्याशी आणि न्हाणीशी वाळूच्या दोन बादल्या, पाण्याचा भरलेला पिंप आणि एक गोणपाट ठेवा, लागलं तर पाण्यात बुडवून वापरायला. विकत घेताना एबीसी पावडरचा, म्हणजे लाकूड-कापड, तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींवर चालणारा, आयएसआय शिक्का असलेला मागा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना हे महिन्यातून एकदा बघायचं. पिन ओढायची, नळी ज्वाळांवर न धरता आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबून इकडून तिकडं फिरवायचं. दोन किलोच्या नळकांड्यातली पावडर आठ-दहा सेकंदांत संपते. म्हणून तो पहिल्या, लहान आगीसाठी. ज्वाळा तुमच्या कमरेच्या वर गेल्या असतील तर तो खाली टाकून बाहेर पडा. शेगडीच्या वर टांगू नका, पेटलेल्या शेगडीवरून हात घालून तो काढता येत नाही. स्वयंपाकघरातून बाहेर पडायच्या दाराशी, आत्तींच्याही हाताला येईल एवढ्या उंचीवर लावा, आणि दुकानातून घेण्याआधी मुलीला उचलून बघू द्या, वजन तिला पेलतं का ते.